पुतणीच्या बाळाची रिल्ली

आमच्या नातेवाइकांत जेवणं आटोपली की गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. आजोळच्या म्हशीपासून साडूच्या टकलापर्यंत मी कोणाला सोडलेलं नाही. ही एक गोष्ट मात्र बायको सोडून कोणाला ठाऊक नाही.

ठाणे पूर्वेला, कोपरीत आमच्या बिल्डिंगमागे, बोळाच्या तोंडाशी एक शिंपी मशीन टाकून बसायचा. तो आणि त्याची बायको काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या सिंधमधून आलेले, परत न जाण्यासाठी. नागरिकत्वाचा अर्ज पडून होता. तोवर व्हिसा वाढवून घ्यायचा आणि त्यासाठी दर वेळी राहत्या जागेचा भाडेकरार दाखवायचा. माझ्या पँटी तो खाली कापायचा आणि कंबरेत सोडायचा. कंबरेबद्दल कधी काही बोलला नाही, नुसता टेप दोनदा लावायचा. एवढ्यावर आमची मैत्री.

एका डिसेंबरात ते राहत होते ती इमारत धोकादायक ठरली. महिनाअखेर खाली करा, अशी नोटीस लागली. बाकीचे भाडेकरू गावी, भावाकडे, सासरी गेले. ह्यांना कोणी खोली देईना. जुन्या पासपोर्टवर देशाचं नाव वाचलं की घरमालकाला एकदम आठवायचं, अरेच्चा, खोली तर कालच दिली की.

मी लगेच कामाला लागलो. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर ब्लँकेटं गोळा करायला लागलो. ठाण्याची थंडी ती काय, पण त्या वर्षी पहाटे खरंच बोचत होती. माकडटोपी घालून ब्लँकेटांसोबत फोटोही काढून घेतला. शिंप्याने ब्लँकेटांची नीट घडी केली आणि आमच्या बोळात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "साईं, पांघरायला झालं. आता वर छप्पर पाहिजे." मग अगदी सहज, "तुमचं डोंबिवलीला घर आहे ना? बंद असतं म्हणाला होता."

म्हणालो होतो खरा. आई गेल्यापासून ते घर बंद आहे. महिन्यातून एकदा जातो, नळ सोडतो, खिडक्या उघडतो, देवापाशी दिवा लावून परत येतो. हे सगळं मीच त्याला हौसेने सांगितलेलं, कंबरेला टेप असताना.

पोलीस पडताळणी, तिथला सेक्रेटरी, शेजाऱ्यांच्या भुवया, सगळं एकदम डोक्यात आलं. तोंडातून आलं ते भलतंच. "अरे, तिथे आमची पुतणी येतेय. बाळंतपणाला. पहिलंच आहे."

आपल्याकडे बाळंतपण म्हटलं की कोणी वाद घालत नाही, एवढी अक्कल मला त्या क्षणीही होती. माझी एकुलती पुतणी तेव्हा पुण्यात नोकरी करत होती आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून देत होती.

शिंप्याचा चेहरा उजळला. "मग तर ते घर दुसऱ्या कोणाला द्यायचंच नाही," तो मलाच म्हणाला, आणि बायकोला हाक मारून त्याने बातमी सांगितली.

रविवारी मी डोंबिवलीला निघालो तर दोघं आमच्या गेटपाशी उभे. हातात झाडू, बादली, फिनेलची बाटली. मी म्हटलं, कामाला बाई लावलीय.

"बाई कोपरे सोडते, भाऊ," शिंप्याची बायको म्हणाली.

तीन तास दोघं ते घर घासत होते. फरशी ओली म्हणून मी आईच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो. स्वतःची खोली सोडायला त्यांच्या हातात बारा दिवस उरले होते. आतल्या खोलीत छताला एक जुनी कडी आहे, माझ्या मुलाचा पाळणा टांगलेली. शिंप्याच्या बायकोने ती पुसून घेतली. "पाळणा इथेच बांधा. इथे वारा येत नाही." मग पिशवीतून तिने एवढीशी रिल्ली काढली. रिल्ली म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, चौकोनी तुकड्यांची नक्षी जुळवून शिवलेली. लाल, पिवळे तुकडे, आणि मधे राखाडी. राखाडी तुकडे माझ्या पँटींच्या कापलेल्या पायांचे होते.

"जानेवारीची थंडी, भाऊ. लहान जिवाला लागते."

तेव्हा बोलायला हवं होतं. किल्ली खिशात होती, मांडीला टोचत होती. मी म्हणालो, "चहा घेणार?" बंद घरात ना दूध होतं, ना साखर.

घरी बायकोने रिल्ली उलटसुलट करून पाहिली. "कोणासाठी?"

सांगितलं. तिने रिल्लीची घडी घातली. मग म्हणाली, "बाळाचं नाव काय ठरवलंयत?" आणि थोड्या वेळाने, "उद्या सकाळी किल्ली देऊन या. पोलिसांत मी येते तुमच्याबरोबर."

उद्या सकाळी ऑफिसात काम निघालं. परवा सोसायटीची मीटिंग. चौथ्या दिवशी गेलो तर बोळाच्या तोंडाशी मशीन नव्हती. इमारतीचं पाणी आणि वीज मुदतीच्या आधीच तोडली होती. फोन करायचा म्हणजे खरं सांगायचं, म्हणून मी फोन केला नाही.

मार्चमध्ये त्याचाच आला. "साईं, मुलगा की मुलगी?"

बायको समोर मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"बाळ नाही रे," मी म्हणालो. "पुतणी येणारच नव्हती. घर मोकळंच होतं."

पलीकडे मशीन चालली होती, ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"किल्ली घेऊन येतो. आजच."

"आता नको, साईं. कागदावर पत्ता चढला." त्याच्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या एका निवृत्त नर्सने आपल्या दीड खोलीतली अर्धी त्यांना दिली होती. बाई एकटीच, पोलिसांत स्वतः जाऊन सही करून आली. "पत्ता सारखा बदलत नाहीत."

त्याआधी कुठे होतात, मी विचारलं.

"नऊ रात्री देवळाच्या ओट्यावर. तुमची ब्लँकेटं होती ना."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"रिल्ली गरम पाण्यात धुऊ नका," तो म्हणाला. "लाल रंग जातो." आणि फोन ठेवला.

त्याचा नवा पत्ता मी नंतर बोळातल्या वाण्याकडून लिहून घेतला. पँटी मात्र आता स्टेशनपलीकडे, पश्चिमेला एका शिंप्याकडे नेतो. तोही टेप दोनदा लावतो. त्याला मी घराबद्दल काही सांगत नाही.