कोरा स्टोव्ह

कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा आणि जुने स्टोव्ह जमवणं हा नाद. धंद्यामुळे सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. नादामुळे बायको काय काय म्हणायची, ते न सांगितलेलंच बरं. हे स्टोव्ह स्वयंपाकघरातले थोराड नव्हेत. तंबू घेऊन भटकणारे लोक पूर्वी पाठीवरच्या पिशवीतून न्यायचे ते, पत्र्याच्या डब्यात पाय दुमडून बसणारे. दिवसभर मेण वितळवून हिरड्यांचे आकार काढणाऱ्या त्यांच्या बोटांना या नाजूक पितळी जिनसा भारी आवडत. नियम मात्र एकच होता: जो पेटत नाही तो स्टोव्ह नाही, शोभेची वस्तू आहे. सुट्टीच्या दिवशी एखादा उचलून ते गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे आणि चहा करायचे. बायको कुरकुरत यायची, पण यायचीच.

एकदा एक निवृत्त ग्रंथपालबाई तडकलेली कवळी घेऊन त्यांच्याकडे आल्या. खिडकीत मांडलेले स्टोव्ह पाहून त्या कवळीचं विसरून तिकडेच गेल्या.

"असला एक आमच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी घेतला होता. निवृत्त झालो की दोघं डोंगर फिरू म्हणायचे. निवृत्तीपर्यंत पोचलेच नाहीत. तुम्ही घेऊन जा. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नाही."

कवळीवाल्यांनी तो घरी आणून डबा उघडला आणि बर्नर उजेडात धरून पाहिला. स्टोव्ह कोरा करकरीत होता. एकदा जरी पेटवला असता तरी बर्नर काळवंडला असता. हा नव्या भांड्यासारखा लखलखत होता. त्यांनी लगेच आपल्यासारख्याच एका नादिष्ट मित्राला फोन लावला.

"पेटवू नकोस हां!" मित्र ओरडलाच. "असा न पेटवलेला मी जन्मात पाहिला नाही. एक काडी लावलीस की संपलं सगळं. चारचौघांसारखा होऊन जाईल."

कवळीवाल्यांना ते पटलं. कधी नव्हे ते त्यांनी आपला नियम गुंडाळून ठेवला आणि स्टोव्ह काचेच्या कपाटात नेऊन ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो कौतुकानं दाखवत, पण हात लावू देत नसत. हळूहळू ते स्वतःही कपाटासमोरून जाताना नजर चुकवू लागले. एकदा जेवताना बायको सहज म्हणाली, "त्या बिचाऱ्यानं जपून ठेवला, आता तुम्ही जपताय. आपण गेल्यावर तिसरा कोणी जपेल. चहा कोण पिणार?"

बायको वर्षानुवर्षं त्यांना टोमणे मारत आली होती, पण हा टोमणा नव्हता.

पुढच्या सुट्टीला ते ग्रंथपालबाईंच्या दारात उभे राहिले. "तळ्यावर येता? तुमचा स्टोव्ह पेटवायचाय. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

बाईंनी त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थांबा, चपला घालते."

पंपातलं चामडं वाळून कडक झालं होतं, ते त्यांनी आधीच तेलात भिजवून मऊ केलं होतं. तळ्याकाठी त्यांनी टाकीत रॉकेल भरलं, बर्नरखालच्या वाटीत तो तापवायला स्पिरिट ओतलं आणि काडीपेटी बाईंपुढे धरली. दोन काड्या वाया गेल्या, तिसरी लागली. पण बर्नर पुरता तापायच्या आत कवळीवाल्यांनी घाईनं पंप मारला, आणि पिवळा जाळ भसकन वर आला. बायको किंचाळली. त्यांनी टाकीची चावी सैल करून हवा सोडली, जाळ विझला, नुसता धूर उरला. नवा बर्नर काळाठिक्कर झाला होता. एवढा मुरलेला माणूस, पण काजळीकडे बघत बसला. 'घालवली आपण बाईंच्या नवऱ्याची वस्तू,' असं त्यांना वाटलं.

ग्रंथपालबाई मात्र तोंडावर पदर धरून हसत होत्या, आणि डोळे भरून आले होते. "ह्यांनीसुद्धा अस्साच घोळ घातला असता," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा की."

या वेळी सगळं स्पिरिट जळेपर्यंत कवळीवाले गप्प बसले. मग चावी आवळून हळूहळू पंप मारला, आणि निळी ज्योत सूं करत एका लयीत जळू लागली. बायकोनं चहा केला. पहिला घोट घेऊन बाई म्हणाल्या, "साखर कमी आहे." मग कप खाली ठेवून, "ह्यांना मी कंजूष म्हणायचे. वस्तू वापरत नाहीत म्हणून भांडायचे. ह्यांना घाई नव्हती, एवढंच. वाटलं असेल, वेळ आहे."

निघताना कवळीवाल्यांनी स्टोव्ह पुसून, डब्यात घालून बाईंच्या हातात दिला.

"मला काय करायचाय?"

"चहा. पेटवायला मी शिकवतो."

मित्राला हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला आणि काही दिवस अबोला धरला. बाई शिकल्या, जरा जास्तच शिकल्या. आता त्या दर सुट्टीला या दोघांबरोबर तळ्यावर असतात, पंप किती मारायचा यावरून कवळीवाल्यांशी हुज्जत घालतात, आणि बायको हटकून बाईंची बाजू घेते.