मधातला शो

काका कोणाकडे पाहायचे तर अख्खे वळायचे. नुसती मान वळवणं त्यांना जमत नव्हतं. मागून कोणी हाक मारली की आधी पाय वळायचे, मग कंबर, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी तोंड समोर यायचं. तोपर्यंत हाक मारणारा बहुतेक निघून गेलेला असायचा. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं मुद्दाम मागून हाक मारून पळायची. काका पूर्ण वळून रिकाम्या गल्लीला विचारायचे, "कोन होय बे?"

एखादं पोरगं सापडलं तर त्याला एकच शिक्षा असायची. काका त्याचं मनगट धरून विचारायचे, "मधातला शो सांग."

तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल, ज्याचा एकच प्रश्न असतो आणि त्या प्रश्नामुळे लोक त्याला टाळतात. मी काकांबद्दल लिहायला बसले आहे, पण मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आजवर परीक्षेतले निबंध तेवढे लिहिले, आणि त्यात राग लिहायला जागा नसते. काकांची आठवण आली की मला आधी रागच येतो. तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

काका रायपुरातल्या गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाल होते. माझे बाबा त्यांच्याच टोळीत. दोघांची घरं मूळची भंडाऱ्याकडची. जवानीत काका गावच्या आखाड्यात खेळलेले, त्यामुळे पोत्याखाली वाकतानाही ते आधी पाय रोवायचे, असं बाबा सांगतात. मी ते पाहिलेलं नाही. मला आठवतात ते मान गेल्यानंतरचे काका, रविवारी दुपारी आमच्या टीव्हीसमोर ताठ बसलेले.

आमच्याकडे केबल होती, त्यांच्याकडे टीव्हीच नव्हता. रविवारी परदेशातली कुस्ती लागायची. माझा भाऊ आणि त्याचे मित्र खाटेवर चढून बसायचे. वर्षातून एकदा जो सगळ्यात मोठा शो व्हायचा, त्यातली प्रत्येक लढत पोरांना पाठ होती. पण शो तर दर महिन्याला व्हायचे. दोन मोठ्या शोंच्या मध्ये कितीतरी लहान शो येऊन जायचे, आणि ते पंधरा दिवसांत कोणाच्या लक्षात राहत नसत. काकांना नेमके तेच हवे असायचे.

"मागच्या थंडीतला सांग. मोठा नाही, मधातला."

"काका, वो तो फालतू था," भाऊ म्हणायचा. तो आणि त्याचे मित्र मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. "उसमें कुछ हुआ ही नहीं."

"काहीच नाही झालं? मानसं पडले नाही का त्यात?"

"गिरे तो. वो तो रोज ही गिरते हैं."

"मंग? मोठ्या शोमधी पडलं तरच लागते का बे?"

पोरं हसायची. काका हसायचे नाहीत. ते पुन्हा पडद्याकडे अख्खे वळायचे. जिंकणाऱ्याकडे त्यांचं लक्ष नसायचंच. "पडनाऱ्याकडे पाह्य," ते मला सांगायचे. "उलटा उचलला ना त्याले, का मंग त्याची मान याच्या हातात. हे ठरलेलं असते. पोट्टे म्हनतात खोटं हाय, ठरलेलं हाय. अरे, ठरलेलं असते म्हनून तर देते तो. न ठरवता कोन देईन आपली मान दुसऱ्याच्या हातात?"

त्यांनी स्वतः दिली होती, म्हणून ते असं बोलायचे.

नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी झालं तेव्हा मी शाळेत होते. एकाएकी गावात सगळंच राजधानी झालं. राजधानी स्वीट्स, राजधानी ड्रायक्लीनर्स, आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला सुद्धा राजधानी. त्याच सुमारास शंकर नगरातल्या एका बड्या माणसाने, त्यांना सगळे भैया म्हणत, टीव्हीत पाहून आपल्या शहरात तशी कुस्ती सुरू केली. नाव ठेवलं 'राजधानी महाटक्कर'. पहिल्या शोला पंजाबातून दोन धिप्पाड पैलवान आणले होते. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक अजूनही त्या शोबद्दल बोलतात. दुसराही बरा झाला. तिसरा थंडीत झाला, एका बंद पडलेल्या राईस मिलच्या आवारात, आणि त्याला कोणी गेलं नाही.

त्या तिसऱ्या शोचा हिरो होता भैयांचा भाचा. जिममध्ये जाऊन अंग कमावलेलं, पण लढायचं कधी शिकला नाही. त्याच्याकडून हरायला माणूस पाहिजे होता, ज्याला नीट पडता येतं असा. धक्क्यावर विचारपूस झाली आणि काकांचं नाव निघालं. त्यांना काळा मुखवटा घातला आणि नाव दिलं 'बॉम्बे का राक्षस'. काका कधी मुंबईला गेले नव्हते.

खुर्च्या रिकाम्या राहणार हे आधीच दिसत होतं. तेव्हा भैया आणि आमचा केबलवाला यांनी मिळून एक अक्कल चालवली. परदेशात म्हणे असा शो घरी पाहायचा तर वेगळे पैसे भरावे लागतात, जो भरेल त्यालाच दिसतो. आपणही तसंच करू. पण आमच्याकडे वायर सगळ्यांची एकच. ज्याने भरले त्याला दाखवायचं आणि ज्याने नाही भरले त्याला नाही, हे करायचं कसं? केबलवाल्याने आपली पोरं खांबांवर चढवली. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या वायरी ओढून ठेवा म्हणाला.

आमच्या गल्लीत फक्त आईने पैसे दिले होते. काकींना त्यांच्या माणसाला टीव्हीत पाहता यावं म्हणून. काकी त्या संध्याकाळी निळी साडी नेसून आल्या आणि टीव्हीच्या अगदी समोर बसल्या. आईने चहा ठेवला. आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

खांबावरच्या पोराने एकेक वायर शोधण्याचा कंटाळा केला होता. वरची मुख्य वायरच ओढली. सगळी गल्ली एका झटक्यात बंद. बाबा बाहेर धावले. "अबे, आम्ही पैसे देलेत," ते खालून ओरडले. पोरगं वरून म्हणालं, "काका, ऊपर से बोला है," आणि उतरून पुढच्या खांबाकडे गेलं.

काकी उठल्या नाहीत. येईल म्हणाल्या. त्या मुंग्यांकडे पाहत बसल्या, हातातला चहा निवेपर्यंत.

तिकडे काय झालं ते मी काकांकडूनच ऐकलं आहे. भाच्याने त्यांना उलटं उचललं. ठरलेलं होतं तसंच. काकांनी अंग सैल सोडलं, तेही ठरलेलं होतं. तेवढ्यात कॅमेरावाला जवळ आला. "भाच्यानं एक हात कॅमेऱ्याले दाखोला," काका सांगायचे, आणि स्वतःचा हात वर करून हलवून दाखवायचे. "थोच हात माया मानेखाली पायजे होता."

तो हात आमच्या गल्लीत कोणाला दिसला नाही. हे मला आजही सहन होत नाही. ज्यांच्यासाठी त्याने हात हलवला, त्यांच्या घरात मुंग्या होत्या.

दवाखान्यात भैयांच्या माणसांनी सांगितलं की हा धक्क्यावर दारू पिऊन ट्रकवरून पडला. शोचं नाव निघालं असतं तर पोलीस आले असते. काका गळ्यात पट्टा घालून घरी आले त्याच्या आधीच ती गोष्ट पाऱ्यात पोचली होती. काकांनी कधी दारूला हात लावला नव्हता. आखाड्यातली सवय, ती शेवटपर्यंत राहिली. पण धक्क्यावरचा मुकादम म्हणाला, "बेवड्याले मी पोत्याखाली उभा नाही करत," आणि काकांचं काम गेलं. काकी एका होस्टेलात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या.

काका भेटेल त्याला सांगायचे, "ट्रकवरून नाही, शोमधी पडलो."

लोक विचारायचे, "कोनता शो?"

"थंडीतला. तिसरा."

"तिसरा झालता का?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. विसरलेल्या माणसाशी कसं भांडायचं, सांगा. काका केबलवाल्याकडेही गेले होते, कारण शोची कॅसेट त्याच्याकडे होती. त्याने त्यावर कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन भरलं होतं. "कैसेट महँगी आती है, काका," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काही वाटलं नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा काका एक दिवस सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तू कॉलेजात हाय. तुले बोलता येते. मायासंग चाल."

कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसते आणि तोंड उघडत नाही, हे मी त्यांना सांगू शकले नाही. शंकर नगरपर्यंत ऑटोत मी मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवत होते. भैयांच्या ऑफिसचं दार काचेचं होतं. मी ते ढकलत राहिले आणि ते ओढायचं होतं. आत गारवा होता. भैया आता प्लॉट विकत होते. भिंतीवर नव्या शहराचा नकाशा, त्यावर रंगीत चौकोन.

"सर, आपने वो... कुश्ती का शो कराया था," मी म्हणाले. पुढचं वाक्य हरवलं.

"कुश्ती!" भैया एकदम खुश झाले. "क्या हिट था. वो पंजाब वाला पहलवान याद है?"

"थो नाही," काका म्हणाले. "तिसरा."

"तीसरा?" भैया आठवू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते नाटक करत नव्हते, खरंच शोधत होते. "अच्छा, वो राइस मिल वाला? अरे दीदी, उसकी तो याद ही मत दिलाओ. सबसे बेकार शो था. मेरे भांजे का तो दिल टूट गया."

भाच्याचं दिल. माझे कान तापले.

काका मात्र पुढे वाकले. "मतलब, झालता ना?"

"हुआ तो था," भैया म्हणाले आणि चहा सांगितला.

काकांनी हात जोडले आणि ते उठले. मी जागेवरून हलले नाही. "सर, इनकी गर्दन उसी शो में..." तेवढ्यात फोन वाजला आणि भैया फोनकडे वळले. नुसती मान वळवून, बसल्या बसल्या. किती सहज वळली ती मान. काकांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं.

"हुआ तो था म्हने," रस्त्यावर येताच ते म्हणाले. इतके खुश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"काका, तुमच्या मानेबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही."

"मान मले माहीत हाय व. शो त्याले माहीत पायजे होता."

मला तेव्हा त्यांचासुद्धा राग आला. एवढ्यावर माणूस खुश कसा होतो? परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही. ते ऑटोत ताठ बसून समोर पाहत हसत होते. नंतर कित्येक दिवस ते पाऱ्यात सांगत फिरले की खुद्द भैयानं कबूल केलं. लोक "हव, हव" म्हणत आणि आपल्या कामाला लागत. मुकादम तर थुंकला आणि आत गेला.

यंदा थंडी संपताना काका तापाने गेले. पुण्यानुमोदन आमच्या पाऱ्यातल्या बुद्धविहारात झालं. आमच्यात त्या दिवशी वंदना झाली की ओळखीची माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. काकी फोटोच्या बाजूला खाली मान घालून बसल्या होत्या. मुकादम पहिल्यांदा उठला. वाईट बोलला नाही, आवाजात मायाच होती. "मानूस चांगला होता," तो म्हणाला. "पन दारूनं ट्रकवरून पडला आन् जिंदगी गेली. आपल्या पोट्ट्यायनं याच्यातून शिकलं पायजे."

माना हलल्या. माझ्या भावाचीही हलली.

मग कोणीतरी म्हणालं, कॉलेजातल्या पोट्टीले बोलू द्या. माझ्या हातात माईक आला. मी कधी माईक धरला नव्हता.

"काका ट्रकवरून नाही पडले," मी म्हणाले. "त्यांनी दारू कधी घेतली नाही. ते शोमध्ये पडले. तिथे त्यांना हरायचं होतं आणि ते ठरल्याप्रमाणे हरले. ज्याच्या हातात मान दिली, त्याने कॅमेऱ्याला हात दाखवला. आपण ते पाहिलं नाही, कारण त्या संध्याकाळी आपल्या गल्लीची वायर ओढली होती. सगळ्यांच्या टीव्हीत मुंग्या होत्या."

मला वाटलं, झालं, कोणाला काही आठवणार नाही. मग मागून एक बाई हळूच शेजारणीला म्हणाली, "हो व, एकदा साऱ्या गल्लीची केबल गेलती. मायी सीरियल बुडली होती."

"खांबावर पोट्टा चढला होता," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "मी त्याच्यावर ओरडलो होतो."

दोघातिघांनी मान डोलावली. मुंग्या सगळ्यांना आठवत होत्या.

मुकादम माझ्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. मी माईक परत दिला. समोर काकांचा फोटो होता, लग्नाच्या वेळचा, सरळ समोर पाहणारा. फोटोत सगळ्यांचीच मान ठीक दिसते.

"पन शो कोनता होय हा?" मुकादमाने विचारलं.

काकींनी मान वर केली नाही.

"मधातला," त्या म्हणाल्या.