पडद्यावरची आई

"अगं, उभी राहा ना. दोन वाक्यं बोल तुमच्या भाषेत."

मॅडम माइकवरून म्हणाल्या. एसी हॉल, सगळे प्राध्यापक नाहीतर पीएचडीवाले. विषय होता 'अस्मितेच्या संशोधनाची पुढची दिशा'. मी पाण्याच्या बाटल्या वाटून नुकतीच मागे बसले होते. मॅडमच्या संशोधनासाठी दीड वर्षं दिवाळे गावात घरोघर फिरून मुलाखती मी घेतल्या. आमच्या कोळी बोलीतून मराठीत मीच उतरवल्या. अहवालात माझं नाव नाही. 'स्थानिक मदतनीस', बस.

आणि मी उभी राहिले! "मी दिवाल्याची कोलीन हाय." टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "किती गोड!" कानशिलं तापली माझी.

मग पडद्यावर माझी आई आली. समोर टोपलीत सुकट, अंगावर लग्नातलं भरजरी लुगडं, केसांत गजरा. मॅडमनीच तेव्हा सांगितलं होतं, "पारंपरिक काहीतरी नेसायला सांग." आई भडकली होती. "येरी झाली काय तुजी मॅडम? लग्नाचा लुगरा नेसून सुकट कोन इकतं गो?" आळीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. पण मीच गळ घातली. काम जाईल म्हणून. लेकीसाठी नेसली बिचारी.

फोटोखाली तिच्या नावाने वाक्य, 'आम्हाला आमच्या संस्कृतीचा अभिमान आहे.'

कसलं काय! ती असं बोललीच नव्हती. ती बोलली होती, "आमी कोन हाय त्ये इचारतेस. आमची मासली सुकवाची जागा गेली, त्ये कवा इचारशील?" मॅडमनी ते खोडलं. विषयाला धरून नाही म्हणे. आणि खोडल्यावर साफ प्रत टाइप कुणी केली? मीच केली. सांगताना अजून लाज वाटते.

मी परत उभी राहिले. 

"मॅडम, हे आईचं वाक्य नाही. ती इथं नाही, तिला कुणी बोलावलंच नाही. तिला विचारा, मग दाखवा. तोवर फोटो पडद्यावरून काढा."

"शांत हो. असं पर्सनली घेऊ नये."

"माझी आई आहे ती. मग कशी घेऊ?"

मॅडमनी फोटो पडद्यावरून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, उद्यापासून येऊ नकोस.

घरी आईला सगळं सांगितलं. वाक्य खोडलेली प्रत मी टाइप केली, तेही. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबरच आहे तिचं.

आता मी परत घरोघर जाणार. पगार नाही, मॅडम नाही. पहिला प्रश्न त्या जागेचा. बायका जशा बोलतील तसं लिहिणार, शिव्यांसकट. ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवणार, मगच पुढे.

आणि एक मुलाखत मॅडमची. तुम्ही कोण? आडनाव सांगितल्यावर कुठली कुठली दारं उघडली? दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालायचा हक्क कुणी दिला? त्या 'आत ये' म्हणोत न म्हणोत. उत्तर मिळेपर्यंत मी दारातून हलणार नाही.