मांडी दाखवून परत आलेले मास्तर

लाँड्रीत सगळे त्यांना डागमास्तर म्हणायचे. शाळा सातवीतच सुटलेली, पण कपड्यावर नुसतं बोट फिरवून हा माणूस सांगणार, की ही शाई आहे, गंज आहे की रक्त. धुलाईच्या खोलीच्या टोकाला, वाफेच्या नळाखाली त्यांचं टेबल. टेबलावर नऊ बाटल्या. आणि तीस वर्षं न मोडलेला एक नियम: कुठल्याही बाटलीतला थेंब आधी आतल्या शिवणीवर, जिथे कुणी बघत नाही तिथे टाकायचा. रंग उतरला नाही तरच खऱ्या डागाला हात लावायचा. असा खबरदार माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र माती खाऊन बसला, आता याला काय म्हणावं?

झालं असं, की एकदा अंघोळ करताना त्यांना लिंगाच्या टोकाशी, कातडीच्या आत, लाल चट्टा दिसला. शेंगदाण्याएवढा, ओलसर, चकचकीत. दुखत नव्हता, थोडा खाजायचा. दिवसभर वाफेत उभं राहायचं म्हणजे घाम आलाच, त्यामुळे त्यांनी पावडर मारून सोडून दिलं. महिन्याभरात मांडीवरही गोल चट्टे उठले. ते नायट्याचे होते, लाँड्रीतल्या निम्म्या लोकांना असतात. औषधाच्या दुकानदाराने विचारपूस न करता खाजेची ट्यूब पुढे केली, म्हणाला, "सगळे हीच नेतात." तेरड्याचा रंग तीन दिवस. ट्यूब लावली की फिकं पडायचं, थांबवली की दुप्पट लाल.

चट्टा दिसला त्याच आठवड्यात मास्तरांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. "आत फार उकडतं," एवढंच बायकोला सांगितलं. आपल्यापासून तिला काही लागू नये, ही खरी काळजी. पण ती बोलून दाखवायला जीभ रेटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण दुखण्याची मूठ झाकून कुणाचं भलं झालंय? बायको घरी शिवणकाम करायची. ती मशीनवरून मान वर करून यांच्याकडे बघायची आणि पुन्हा पाय चालवायची. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कळलं होतं. हळूहळू ती यांच्या सदऱ्याचा वास घ्यायला लागली.

पाच महिन्यांनी मास्तर एकदाचे दवाखान्यात गेले. डॉक्टर त्यांच्या पुतण्याच्या वयाचा. बाकावर बसून त्यांनी ठरवलं, आधी मांडी दाखवू. हसला नाही, वेडंवाकडं बोलला नाही, तर पुढचं दाखवू. म्हणजे इथेही शिवणीवरचा थेंब! डॉक्टर हसला नाही. नायटा आहे म्हणाला, मलम आणि गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "आणखी कुठे आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

अरे बाबा, समोरचा स्वतःहून दार उघडतोय आणि तू उंबऱ्यावरून परत फिरतोस? पण यांनी मनाशी ठरवून टाकलं, की रोग एकच, तर मलमही तेच चालेल. मांडी महिन्यात स्वच्छ झाली. चट्टा जिथल्या तिथे. तरी मास्तर मलम चोळतच राहिले. चट्ट्याची कड जाड झाली, मग खरखरीत लागायला लागली. एके दिवशी चड्डीवर गुलाबी ठिपका उमटला. तो कशाचा, हे ओळखायला मास्तरांना बोट लावावं लागलं नाही. ती चड्डी त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन वाळत घातली.

तसे ठिपके पुढे रोजचे झाले. ज्या नवऱ्याने घरात कधी रुमाल धुतला नाही, तो रोज सकाळी चड्डी धुतोय म्हटल्यावर बायको काय समजणार? एका रविवारी मशीन थांबवून तिने सरळ विचारलं, "कोण आहे ती?"

मास्तरांनी लेंग्याची नाडी सोडली.

तिने पाहिलं. चपला पायात सरकवून म्हणाली, "चला."

डॉक्टर तोच. हातमोजे घालून त्याने चट्टा पाहिला, मग दोन्ही जांघा दाबून पाहिल्या. उजवीकडे त्याचं बोट थांबलं, पुन्हा तिथेच फिरलं.

"किती दिवस झाले याला?"

"असतील दोन-तीन महिने," मास्तर म्हणाले.

"चौदा महिने," बायको म्हणाली. "अंथरूण बाहेर नेलं, तेव्हापासून."

डॉक्टरने हातमोजे काढले. "हा नायटा नाही. तुकडा काढून तपासावा लागेल, उद्याच. मला कॅन्सरची शंका येतेय. जांघेत गाठही लागतेय." त्याने चिठ्ठी लिहायला घेतली. "त्या दिवशी दाखवलं असतंत तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. आता कुठवर कापावं लागेल, ते मोठ्या हॉस्पिटलातलेच सांगतील."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. चिठ्ठी तिच्या हातात होती. मास्तरांना तिचा हात धरावासा वाटत होता, पण चौदा महिन्यांत तिला बोटही लावलेलं नव्हतं, आता कुठल्या तोंडाने धरायचा?

"मला वाटलं होतं, बाई आहे," ती चिठ्ठीकडे बघत म्हणाली. "रोज त्या बाईला शिव्याशाप द्यायचे मी."

तिने चिठ्ठीची घडी घातली.

"बाई असती तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.