बिनश्रीचा कागद

तामसीहून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये वनमालाबाई खिडकीशी बसायच्या आणि ओठ हलवायच्या. लोकांना वाटे, बाई जप करतात. मी त्यांच्याच गल्लीतला, मागच्या बाकावर असायचो. मला ठाऊक होतं. त्या इंग्रजी पत्रांच्या सुरुवाती घोकत होत्या.

त्यांचे यजमान उद्धवराव आदिलाबादच्या कचेरीत कारकून होते. ते तापानं गेले आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळाली, पण कच्ची. इंग्रजी पत्रलेखनाची परीक्षा पास झाली तर पक्की, नाहीतर घर. एकदा त्या नापास झाल्या होत्या. आता ही शेवटची. मागं सासू आणि दोन लेकरं.

भीती सगळ्या पत्राची नव्हती, पहिल्या ओळीची होती. नव्या असताना त्यांनी रजेच्या अर्जाची सुरुवात 'आय ॲम डायरेक्टेड टु' अशी केली, म्हणजे 'मला हुकूम झाला आहे की'. हेडक्लार्क भगवानराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, रजेचा हुकूम तुमाले कोनं देल्ला? आमालेही द्या म्हना त्याईले!" कचेरी हसली. तेव्हापासून कोरा कागद दिसला की बाईंच्या तळव्यांना घाम फुटे.

शेजारचे नरसिंगराव निजामाच्या काळापासूनचे कारकून. ते बाईंना ओसरीवर शिकवायचे.

"पत्राचं तोंड म्हंजे गावची वेस, पोरी. भलत्या वेशीतून शिरलं त कुत्रे मागं लागते. दुसऱ्या कचेरीचं पत्र आलं असंल त?"

"विथ रेफरन्स टु युवर लेटर."

"आपून मागत असलो त?"

"आय बेग टु स्टेट."

"अन् डायरेक्टेड?"

"साहेबानं सांगतलं तवाच, मामाजी."

"मंग भेतं काऊन?"

"भेव का इचारून येते?"

परीक्षेच्या सकाळी धाकट्याचं अंग गरम होतं. त्याला सासूपाशी ठेवून बाई निघाल्या. वर्गात परीक्षेवरच्या तेलुगू साहेबांनी हिंदीत बजावलं, "पर्चे पे भगवान का नाम, कोई निशानी, कुछ भी दिखा तो पर्चा रद्द."

प्रश्न सोपा होता: निर्मलहून आलेल्या पत्राला उत्तर लिहा. बाईंनी पेन उचलला. हात आपसूक कागदाच्या माथ्याशी गेला, मधोमध, जिथं आपण आधी श्री लिहितो. किराण्याच्या यादीवरही त्या श्री लिहीत; मागच्या परीक्षेतही लिहिला होता. नीब टेकणार तोच साहेबांचे शब्द आठवले. त्यांनी हात मागं घेतला.

ओळ ओठांवर होती, पण उतरेना. श्री न घालता त्यांनी जन्मात एकदाच लिहिलं होतं: उद्धवराव गेल्याचं कार्ड, नार्नूरच्या नणंदेला. मरणाच्या पत्राला श्री नसतो. समोर तसाच मोकळ्या माथ्याचा कागद होता. आपण पहिली ओळ लिहू आणि घरी धाकट्याचा ताप चढेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. आजूबाजूला पेन कुरकुरत होते. घामाचा थेंब कागदावर पडला.

"अम्मा, शुरू करो. सब लिख रहे," साहेब म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवला. पदराआड उजव्या हाताचं बोट बाकाच्या लाकडावर फिरलं. एक श्री. शाई नाही, खूण नाही. मग पेन उचलून लिहिलं: विथ रेफरन्स टु युवर लेटर. पुढच्या ओळी मागोमाग आल्या.

संध्याकाळी बसमधून उतरून त्या पळतच सुटल्या. मी पाहिलं. धाकटा ओसरीवर भाकरीचा तुकडा कुरतडत होता. बाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि मगच रडल्या.

खुर्ची पक्की झाली. भीती मात्र गेली नाही, हे आणि वर्गातलं सारं त्यांनीच मला पुढं सांगितलं. नोकरी संपेतोवर दर पत्राआधी त्यांचं बोट टेबलावर फिरत राहिलं.