वाक्यात सांगा

राठोड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होतो. शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा होता, पण तोंडातून हवाच निघेना... याला आता दीड महिना झाला.

सर पुसेगावजवळच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. मी फौजेतून हवालदार होऊन परतलो आणि तिथंच खेळाचा मास्तर झालो. सरांना शब्द जमवायचा नाद. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक शब्द, खाली अर्थ, त्याखाली उपयोग. कुणी नवा शब्द आणला की म्हणायचे, "अर्थ ऱ्हाऊ द्या. वाक्यात सांगा."

आमचं बिनसलं तेही शब्दावरूनच. मी पहिलीच्या लेकरांनाही कदमताल करायला लावत होतो. उशीर झाला की उन्हात सावधान उभं करायचो. शिक्षकांच्या बैठकीत सर शांतपणे म्हणाले, "हे शाळेचं लष्करीकरण होऊन राहिलं." मला ते फार लागलं. ज्या वर्दीत उमेदीची वर्षं घालवली, तिचीच त्यांनी शिवी केली असं वाटलं. बाहेर गाठून विचारलं, "फौजेचा एवढा राग काहून, सर?"

"राग न्हाई हो, हवालदार. आमच्या तांड्याच्या वाडवडलांनी बैलांवर लष्कराचं धान्य वाहिलं. लष्कर लष्करात शोभतं. लेकराला शिपाई समजून वागवलं, की ते लष्करीकरण. तुमी तर फरक जाणता."

जाणत होतो, म्हणून तर जास्त झोंबलं. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. सर समोरून आले की उगाच शिट्टी पुसत बसायचो. पहिलीतलं पोरगंही इतकं रुसत नसेल. पुढं लहानग्यांची कदमताल मी गुपचूप बंद केली. ते सरांना सांगायला मात्र जीभ रेटली नाही... आणि वर्ष असंच गेलं.

तेराव्यानंतर सरांच्या घरी वहिनींनी त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून एक पत्रिका काढून दिली. "यावर तुमचं नाव हाय." मागं सरांचं अक्षर होतं : 'लष्करीकरण - जे लष्कराचं नाही, त्याला लष्कराची रीत लावणं.' 'उपयोग'पुढची ओळ कोरी. कडेला बारीक अक्षरात, 'माझ्या वाक्यानं माणूस दुखावला. नवं वाक्य हवालदारांना विचारणे.'

मी तिथंच, वहिनींसमोर रडलो.

ती पत्रिका आता शिट्टीसोबत माझ्या खिशात असते. कोरी ओळ मी भरली आहे : 'पहिलीच्या लेकरांचं लष्करीकरण मी थांबवलं.' वाक्य बराबर आहे का, हे विचारायला सर नाहीत.