बाबांच्या पेशींचा उपास

शिकवायची खोड वाईट. वर्ग सुटला तरी ती सुटत नाही. अकोल्याकडच्या मालेगावला अकरावी-बारावीच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते, आणि घरी आले की जो समोर सापडेल त्याला शिकवते. आई कामाचं निमित्त काढून सटकते. बाबा सापडतात, कारण त्यांना कंपवात आहे आणि खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागतो.

खरं तर विचारलं त्यांनीच होतं. "डॉक्टर म्हनते, मेंदूतल्या पेशी मरून राह्यल्या. पन कायले मरून राह्यल्या, हे काही सांगत नाई."

बाबांनी जन्मभर किराणा दुकान चालवलं, म्हणून मी दुकानापासूनच सुरुवात केली. पेशीतही रोज माल येतो, वापरला जातो आणि मागे बिघडलेली प्रथिनं उरतात. पेशी ती गुंडाळते आणि लायसोसोम नावाच्या इवल्याशा पिशवीत नेऊन टाकते. तिथं त्यांचे तुकडे होतात, कामाचे तुकडे परत वापरले जातात. मेंदूतली चेतापेशी मात्र सहसा बदलत नाही, तीच जन्मभर पुरवायची असते. तिच्यातली ही मोडतोड मंदावली की एका प्रथिनाच्या गुठळ्या साचत जातात, आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू संपतात. आधी गुठळ्या की आधी सफाई बंद, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

"म्हंजे रिकामा बारदाना कोनी उचललाच नाई," बाबा म्हणाले. "दुकानात पाय ठेवाले जागा नसन, तं मानूस काम कुठं करीन?"

वर्गातल्या साठ पोरांना जे कळत नाही ते बाबांना एका दमात कळलं. मी इतकी खूश झाले की पुढचंही सांगून टाकलं: उपाशी ठेवली की पेशी ही सफाई जास्त जोरानं करते. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

भादव्यात दशलक्षण पर्व जवळ आलं. आम्ही जैन, त्यामुळे घरात उपासाची बोलणी चालायचीच. पण जेवता जेवता बाबांनी जाहीर केलं, "औंदा मी पयले तीन दिवस निर्जळ करतो."

आईच्या हातातली पळी वाटीवरच थांबली. "अन् गोळ्या?"

"निर्जळ म्हंजे निर्जळ. गोळी काय हवेनं गिळू?"

आई माझ्याकडे वळली. "शिकव अजून! यायच्या पेशीले उपास शिकवून राह्यली!"

गोळी वेळेवर पोटात गेली तरच बाबा चालतात. उशीर झाला की पाऊल जमिनीला चिकटतं. ती एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. उपासाचं ते सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलंय, त्यानं माणसाचा कंपवात बरा होतो असं कोणी दाखवलेलं नाही, हे मी आवाज चढवून सांगितलं.

"तूच तं म्हनली."

"मी सफाई म्हनली बाबा, औषध नाई म्हनलं!"

"मले सफाईच पायजे."

डॉक्टरांना फोन लावून दिला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, "हाव साहेब, बराबर हाय साहेब" म्हणाले, आणि जवळच्या शिरपूरला जायचे कपडे काढून ठेवले. तिथं चातुर्मासासाठी आमच्या जैन साध्वी, माताजी, थांबल्या होत्या. त्यांच्यासमोर नियम घेतला की बाबा तो मोडणार नाहीत, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसले. माताजींसमोर भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

बाबा खिडकीशी बसून सोयाबीन न्याहाळत होते. मध्येच हळू आवाजात म्हणाले, "तुले एक विचारू? त्या गुठळ्या कर्माच्याच ना?"

कर्म म्हणजे सूक्ष्म रज, ते जिवाला चिकटतं आणि तपानं झडून जातं, हे प्रवचनात मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी लायसोसोम सांगत होते तेव्हा बाबा हे ऐकत होते.

"तू म्हनली, आत साचलं. म्या म्हटलं, आता शिकलेली पोरगीच सांगून राह्यली, मंग खरंच असन."

"असं काय केलं तुमी, बाबा?"

ते बाहेरच बघत होते. "साखर कागदासकट मोजत होतो. कागद जाड घेत होतो. जानूनबुजून."

मला एकदम हसू फुटलं. कंडक्टरनं वळून पाहिलं. मग बाबांचे डोळे भरलेले दिसले आणि माझं हसू थांबलं. किती दिवस हा माणूस त्या खुर्चीत स्वतःला गुन्हेगार समजून बसला होता, आणि मी त्याला पेशी समजावत होते! मी त्यांचा थरथरणारा हात घट्ट धरला.

"बाबा, कर्माचं माताजीले विचारा, मले त्यातलं समजत नाई. पन कागदानं कंपवात होत असता, तं मालेगावचा अख्खा बजार थरथरत असता."

त्यांनी विचार केला. बहुतेक एकेक दुकान मनात फिरून आले. "हाव," ते म्हणाले, "आपल्या बाजूवाला तं कवाच उडून पडला असता." आणि खांदे हलवत हसू लागले.

शिरपूर यायच्या जरा आधी त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हंजे हे म्या नाई केलं?"

"नाई बाबा. तुमी काहीच नाई केलं."

स्टँडवर उतरल्यावर त्यांनीच हात पुढं केला. "गोळीचा टाइम झाला ना? दे. अन् ते निर्जळाचं राहू दे औंदा." मी गोळी दिली, पाण्याची बाटली उघडून दिली. पिताना अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी रुमाल काढला, तर त्यांनी मला थांबवलं.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "हे त्या आजारानं सांडलं. म्या नाई."